बेद्दीचं बिनशेपटीचं गाणं

वाळवंटातल्या आमच्या अतार गावात बेद्दीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि बेद्दीची टिंगल केलेली नाही असा माणूस तर अजून जन्माला यायचाय. कुणाच्याही तंबूत गाणं बसलं की मधल्या खांबाला मुठीएवढा एक रेकॉर्डर बांधलेला दिसणार आणि खांबाला पाठ टेकून, कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून बसलेला एक वाळका माणूस दिसणार. नव्या पाहुण्याला वाटतं, हा झोपला. बेद्दी झोपलेला नसतो. तुम्ही त्याच्यापासून दहा हातांवर खजुराची बी थुंकलात तरी त्याच्या कपाळाला आठी पडते.

तरुणपणी तो रेडिओ दुरुस्त करायचा. मग कॅसेटी आल्या, कॅसेटी गेल्या, आणि परदेशात कमावणाऱ्या कुणा मावसभावाने त्याला हा रेकॉर्डर पाठवला. तोही जुनाच. नवीन मोठं कार्ड त्यात घातलं की यंत्र नवरीसारखं तोंड फिरवतं. त्याला जुन्या पद्धतीचं लहान कार्डच लागतं, आणि तसली कार्डं आता गावात औषधालाही मिळत नाहीत. बेद्दीकडे दोन होती. म्हणजे याच्या जन्माची कटकट एकच, जागा पुरत नाही.

आता आमच्या गाण्याची रीत अशी, की त्याला पाच मुक्काम. सुरुवात कर्रने, शेवट ब्तैतने. कर्र म्हणजे पोरवयातला आनंद आणि ब्तैत म्हणजे उतारवयातली आठवण. मधले मुक्काम ओलांडल्याशिवाय तिथे पोचायचं नाही, आणि एकदा पुढे गेलं की मागे फिरायचं नाही. आयुष्यात फिरता येत नाही, मग गाण्यात का यावं? पण पहिल्याच मुक्कामात गवई यजमानांच्या खापरपणजोबापासून थोरवी गायला घेतात. ती थोरवी रेकॉर्ड झाली नाही तर ते घराणं बेद्दीशी मरेपर्यंत बोलणार नाही. दुसऱ्या मुक्कामात व्याह्यांची थोरवी. तिसऱ्यात राहिलेल्या मामांची. असं सगळ्यांचं मन राखता राखता कार्ड भरतं आणि ब्तैत लागायच्या आत यंत्राचा लाल दिवा विझतो. कॅसेटच्या काळातही हेच व्हायचं. बाजू उलटेपर्यंत गवई उठून जेवायला बसलेले असायचे.

म्हणून आम्ही म्हणायचो, बेद्दीच्या गाण्याला डोकं आहे, पोट आहे, शेपूट नाही. हसण्यावारी नेलं खरं, पण गावात त्याचा परिणाम दिसायला लागला होता. गिटारवाले सगळे बेद्दीची रेकॉर्डिंगं ऐकून शिकलेले. आमचा सीदाती बघा, चार मुलांचा बाप, दाढीत पांढरं आलंय, आणि चौथा मुक्काम संपला की गिटार खाली ठेवून विचारतो, जेवायला काय केलंय?

या सगळ्यात खरी ब्तैत येणारी एकच बाई उरली होती, मक्फूला. गवयांच्या घरातली, अर्दीन वाजवणारी. अर्दीन म्हणजे आमच्या बायकांची भोपळ्याची वीणा. तिच्या कातड्यावर लोखंडी कड्या असतात, त्या तारांबरोबर थरथरतात. मक्फूलाची ब्तैत तिच्या आईकडून आलेली. दुसरं कुणी तशी वाजवत नाही. तिची बोटं सांध्यांत सुजायला लागली होती. या खजुराच्या हंगामानंतर अर्दीन भाचीला देऊन टाकणार, असं ती उघड सांगत होती. भाची चांगली वाजवते, पण ब्तैत आली की तीही सीदातीच्या पंगतीला बसते. बेद्दीने मक्फूलाला आजवर कितीदा रेकॉर्ड केलं असेल, आणि प्रत्येक वेळी शेपटापाशी कार्ड संपलं.

"ती बाई अर्दीन ठेवून देईल," तो मला चहा पिताना म्हणाला, "आणि लोक म्हणतील, बेद्दी तिथेच बसला होता."

मी म्हटलं, नाही म्हणणार. लोक म्हणतील, बेद्दी तिथेच झोपला होता. तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

हंगामात आमचं गाव दुप्पट होतं. राजधानीतून, खाणींवरून, सगळीकडून माणसं खजूर खायला येतात आणि आलीच आहेत तर लग्नंही उरकून घेतात. बेद्दीची दोन्ही कार्डं लग्नांनी गच्च भरली. एरवी तो कार्ड घेऊन बाजारात शेख्नाच्या दुकानी जातो. शेख्ना ते कॉम्प्युटरवर उतरवतो, कार्ड रिकामं करून परत देतो, आणि संध्याकाळच्या नमाजाच्या आत ते गाणं गावातल्या प्रत्येक फोनमध्ये पोचलेलं असतं. ही शेख्नाची रीत. फुकट उतरवतो, पण फोनमध्ये भरायचे पैसे घेऊन आपलं पोट भरतो. तर हा शेख्ना एक कार्ड दुकानात ठेवून, कुलूप लावून, सासुरवाडीच्या बागेत खजूर खायला निघून गेला. कधी येणार, तर खजूर संपले की.

आणि तेवढ्यात झैनबू काडीमोड घेऊन, सुटून माहेरी आली. झैनबू म्हणजे आमच्या शेजारच्या सेल्काची भाची. नवरा वाईट नव्हता, कंटाळवाणा होता. आता पोरगी सुटून आली की माहेरच्या बायका ढोल वाजवणारच, मेंदी लावणारच, नाहीतर लोकांना कळणार कसं की ती पुन्हा मोकळी आहे? सेल्काने मक्फूलाला बोलावलं, आणि मक्फूला म्हणाली, मोठ्या बैठकीला माझं हे शेवटचं वाजवणं.

बेद्दीने दोन दिवस हातातलं कार्ड चाळून काढलं. हेडफोन लावून बसायचा आणि खोकले, ग्लासांचे आवाज, सूर जुळवतानाची खुडखुड असलं सगळं पुसायचा. रेकॉर्डरवर आवाज दाबून घ्यायची सोय असते, त्यात जागा पुष्कळ वाचते. गिटारच्या लग्नांना तो तेच करतो, कारण सीदातीची गिटार दाबली तर कुणाचं नुकसान नाही. पण अर्दीनच्या कड्या दाबून घेतल्या तर डब्यात खडे वाजवल्यासारख्या ऐकू येतात. तिला पूर्ण आवाजच द्यावा लागतो, आणि पूर्ण आवाज जागा खातो उंटासारखी. लग्नं पुसायची तर एकाही घराला अजून नक्कल मिळालेली नव्हती. लोकांची थोरवी पुसणं म्हणजे त्यांची विहीर बुजवणं.

एक रेकॉर्डिंग मात्र पुसण्यासारखं होतं. ते कशाचं, हे त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं म्हणजे तुम्हालाही आता होईलच.

बेद्दीची बायको होती तस्लेम. हसरी, बोलकी, गावभर फिरणारी. हा घरातही कानांवर हेडफोन लावून बसायचा. ती काही सांगायला लागली की हात वर करून गप्प राहायची खूण करायचा, कारण कुठल्या तरी तारेचा शेवटचा झंकार ऐकायचा असायचा. एके दिवशी तिने दोन दिवसांची भांडणं वाचवून एका वाक्यात काडीमोड मागितली. मग तिच्या माहेरी सोहळा झाला, आणि रेकॉर्डिंगला दुसरा कोण होता गावात? सासूबाईंचा निरोप आला, बेद्दी, यंत्र घेऊन ये. गेला ना हा! खांबाला यंत्र बांधलं, मुंडासं डोळ्यांपर्यंत ओढलं आणि बसला. बायकांनी टाळ्यांवर कडवं धरलं, की ज्याच्या कानात सगळं गाव, त्याला बायकोचाच आवाज ऐकू येईना. त्या रेकॉर्डिंगात मध्येच तस्लेम खळखळून हसते. ते कडवं गावात प्रत्येकाला पाठ होतं, तरी शेख्नाच्या हाती ते द्यायला बेद्दी तयार नव्हता. कार्ड रिकामं करताना तो शेजारी बसून तेवढं एक शेख्नाला ना उतरवू द्यायचा, ना पुसू, म्हणून कार्डाच्या एका कोपऱ्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. आणि सोहळे तर आमच्याकडे लांबतातच. चांगली ऐसपैस जागा अडवून बसलं होतं ते.

सोहळ्याच्या दिवशी उन्हं कलल्यावर बैठक बसली. मी चहाला होतो. माझ्या डाव्या हाताला बेद्दी, आणि त्याच्या पलीकडे, आमच्या नशिबाने, तस्लेम. तिचा आता खाणींच्या गावात उंटांच्या दलालाशी संसार आहे, खजुरासाठी आली होती. दोघांचं काही वैर नाही. भेटले की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी इतकी लांबवतात की उरलेले कंटाळतात.

सेल्का येऊन थेट यंत्रासमोर बसली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग चालू. थोरवीच्या वेळी दिवा विझला तर बघ, असं तिने बेद्दीला आधीच बजावलेलं. बेद्दीचा बेत होता पहिले मुक्काम थोडे थोडे घेऊन जागा राखायचा. तो बेत तिथेच फसला. मक्फूलाने कर्र लावली आणि सेल्काच्या खापरपणजोबाने जिंकलेली एकूण एक विहीर कार्डावर चढली. मी बेद्दीच्या पडद्याकडे बघत होतो. उरलेली मिनिटं ग्लासातल्या साखरेसारखी विरत होती.

चौथा मुक्काम संपला. सवयीने काही जण जेवणाचा वास घ्यायला लागले. पण मक्फूलाने अर्दीन मांडीवर आडवी घेतली आणि ब्तैतसाठी खुंट्या पिळायला लागली. सुजलेल्या बोटांनी तिला वेळ लागत होता, तेवढाच काय तो बेद्दीला अवकाश. त्याने यंत्र थांबवलं. सेल्काने दिव्याकडे बोट दाखवलं, तर तस्लेमनेच तिच्या हातात दुधाचा वाडगा ठेवून तिला गप्प केलं. मग ती बेद्दीकडे वळली.

"जागा संपली वाटतं?"

"दोन घासांपुरती आहे."

"मग पूस की काहीतरी."

बेद्दीने यादी वर नेली, खाली नेली. अंगठा एका ठिकाणी येऊन थांबत होता आणि पुढे सरकत होता. तस्लेमने मान वाकवून पडदा बघितला. रेकॉर्डिंगवर नाव नसतं, तारीख असते. पण तारीख तिला ओळखू येणारच, तिचीच होती ती.

"हे अजून आहे?" ती म्हणाली. "मला वाटलं पहिल्याच आठवड्यात पुसलं असशील. त्यात तुझी केवढी चेष्टा आहे, वेड्या."

"चेष्टा सगळ्यांना पाठ आहे. त्यात तू हसतेस."

मी चहा ओतत होतो. ओतत राहिलो. अशा वेळी माणसाने हात थांबवू नये, नाहीतर कान उघडे आहेत हे कळतं.

तस्लेम म्हणाली, "मी आजही सकाळपासून हसतेय. झैनबूच्या मेंदीला हसले, सेल्काच्या विहिरींना तर पोट धरून हसले. तू इथे माझ्या शेजारी बसलायस. ते हेडफोन काढ आणि ऐक. पुसून टाक ते. मला काही होत नाही, आणि तुलाही होणार नाही."

बेद्दीने एक कान उघडा केला. तिकडे मक्फूलाने शेवटची खुंटी पिळली आणि तार छेडून बघितली. बेद्दीने दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? असल्या यंत्रांना माणसाचा जीव कुठे अडकलाय ते नेमकं कळतं. त्याने पुन्हा दाबलं. उरलेली मिनिटं एकदम फुगली, आणि लाल दिवा लागला.

मग ब्तैत झाली. मी तिचं वर्णन करणार नाही, गावात कुणाच्याही फोनवर आहे, ऐका. मध्ये एकदा सेल्काला आपला एक मामा राहिल्याची आठवण झाली, तिने तोंड उघडलं, आणि आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी मिळून तिचा पदर ओढला. मक्फूला थांबली, कड्यांची थरथर विरत गेली, पार विरली, तरीही दिवा लालच होता. बेद्दीने त्यावर आणखी थोडी शांतता घेतली, निव्वळ चैन म्हणून. मग यंत्र बंद केलं आणि इतका मोठा श्वास सोडला की माझ्या शेगडीतली राख उडाली.

तिसऱ्या, म्हणजे आमच्याकडे शेवटच्या, ग्लासाचा चहा तो कधी पीत नाही, तोवर त्याचं कार्ड संपून डोकं फिरलेलं असतं. त्या दिवशी त्याने तो प्यायला आणि वर आणखी मागितला. तिसऱ्यानंतर चहा मागतात का कुठे? मी दिला.

तस्लेम उठताना म्हणाली, "हलकं वाटतंय ना?"

"पोट रिकामं झाल्यासारखं," बेद्दी म्हणाला, आणि ती हसली. त्याने ऐकलं, कारण हेडफोन गळ्यात होते. तुम्हाला वाटतंय तसलं काही पुढे झालं नाही; ती हंगाम संपल्यावर आपल्या दलालाकडे गेली, आणि तो माणूस चांगला आहे, फक्त उंटांसारखा जेवतो.

लोक जेवायला उठले तशी मक्फूलाने बेद्दीला हाक मारली. तिला ऐकायचं होतं. तिने हेडफोन कसेबसे पदरावरूनच कानांवर चढवले आणि अर्दीन मांडीवर ठेवून स्वतःची ब्तैत ऐकत बसली. आपलं वाजवणं तिने कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. बेद्दी तिच्यासमोर उकिडवा बसला होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

ऐकून झाल्यावर तिने हेडफोन काढले. "खालच्या तारेवर मी आळशी झालेय," ती म्हणाली. मग सुजलेली बोटं एकमेकांत गुंफून तिने मांडीवर सोडली. "पण आई असंच वाजवायची. भाचीला हे दे. आता ही बोटं दुखायची तेवढी दुखू देत."