रोझलीची हिरवी ओल्ड्समोबाइल

रोझली टटल आणि मी लान्सिंगच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षं शेजारी-शेजारी उभ्या राहून काम केलं. मी भाज्या चिरायची, ती भट्टी सांभाळायची. नाकीडोळी नीटस, उंच, आणि बोलणं अगदी तोलून-मापून. पोरांनी ताटं सांडली तरी ती ओरडत नसे आणि कुणी तिचं कौतुक केलं तरी खुलत नसे. नवीन बायकांना ती शिष्ट वाटायची. ती शिष्ट नव्हती. तिच्यापर्यंत गोष्टी पोचायलाच वेळ लागायचा, एवढंच.

तिचं आधी एक लग्न झालेलं होतं हे मला कामाला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळलं. बटाटे सोलता सोलता तिनं सांगितलं, तेही भट्टीचं बटण बिघडलंय हे सांगावं तशा आवाजात.

त्या नवऱ्याचं नाव ड्वेन. लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, बेकरीत काउंटरवर होती. तो गिऱ्हाईक म्हणून यायचा. लग्नानंतर जेमतेम तीन महिने ते एकत्र राहिले आणि त्याला व्हिएतनामला पाठवलं. सत्तर सालच्या मे महिन्यात लष्कराची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. लढाईत नव्हे, पावसात ट्रक उलटून ड्वेन गेला होता. रोझलीनं त्यांना आत बोलावलं, कॉफी दिली, ते गेल्यावर कप धुतले. दफनाच्या वेळी ती रडली नाही. सासू थेल्मा नात्यातल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दगड आणलाय माझ्या पोरानं घरात."

"वाईट वाटलं तुला?" मी विचारलं.

"नाही," रोझली म्हणाली. "मला वाटलं, बरोबर बोलतेय."

जुलैत गाडीच्या दुकानातून फोन आला की गाडी आली आहे, घेऊन जा. कसली गाडी, तिला पत्ताच नव्हता. लष्कराच्या तळावर तेव्हा गाड्यांचे विक्रेते यायचे. पोरं तिथेच गाडी ठरवायची, पगारातून हप्ते कापून जायचे आणि घरी परतल्यावर गाडी हातात. ड्वेननंही तेच केलं होतं, आणि घरी कुणाला बोलला नव्हता. गाडी ओल्ड्समोबाइल, म्हणजे आमच्याच गावच्या कारखान्यातली. ड्वेनचा बाप ऑर्व्हिल त्याच कारखान्यात बंपर बसवायचा. ती गाडी आपल्या हातांखालून गेली का, याची त्यानं नंतर खूप चौकशी केली. कुणाला सांगता येणार? रोज ढिगानं गाड्या जात होत्या.

सून आणि सासरा गाडी आणायला गेले. दुकानातला विक्रेता गाडीभोवती फिरून डोकं खाजवत होता. गर्द हिरवा रंग, वर दुमडायचं कापडी छत, आणि पुढे कंपनीचं सगळ्यात दांडगं इंजिन, शर्यतीच्या नादी लागलेली पोरं घेतात ते. इथवर ठीक. पण असली गाडी घेणारा पोरगा पुढे दोन सुट्या बैठका घेतो, मधे गिअरचा दांडा घेतो. इथे पुढे सलग लांब बाक होता, म्हाताऱ्यांच्या गाडीत असतो तसा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आपोआप बदलणारा. रेडिओ नाही. मागे ट्रेलर ओढायचा हूक. आणि इंजिन थंडीत गोठू नये म्हणून घरच्या विजेवर लावायचा हीटर.

"बारा वर्षं गाड्या विकतोय," विक्रेता म्हणाला, "अशी एकही नाही पाहिली. हे काय केलंय त्यानं?"

ऑर्व्हिलनं सुनेकडे पाहिलं. सुनेला माहीत नव्हतं. विक्रेता भला माणूस होता, म्हणाला की नको असेल तर आम्ही परत घेतो, कागदाचं मी बघतो. रोझली म्हणाली, "नको, नेते." का म्हणाली, ते तिला आजही सांगता येत नाही.

मग ती त्या गाडीनं बेकरीत जायला लागली. हिमवर्षावात, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या पत्रा गंजवणाऱ्या मिठाच्या चिखलात, सगळ्यात. सिग्नलला पोरं शेजारी येऊन इंजिन गुरगुरवायची, शर्यत लावतेस का म्हणून खुणावायची. ती हिरवा दिवा लागला की निघायची, बस. पुढे पेट्रोलची टंचाई आली आणि ती गाडी तर पेट्रोल नुसती ढोसायची, तेव्हा ती ऑर्व्हिलच्या गॅरेजात उभी राहिली आणि तिथेच राहिली.

जीन टटल तिच्या आयुष्यात आला तो तळघरातली, घर गरम ठेवायची भट्टी दुरुस्त करायला. ठेंगणा, बडबड्या, हाताला कायम काजळी. त्यांच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी त्यानं ऑर्व्हिलच्या गॅरेजात गाडीवरच्या ताडपत्रीचं टोक उचललं आणि तो तिथेच बसला.

"ही विकली का नाहीस?"

"कुणी मागितली नाही."

जीननं ती स्वतःच्या गॅरेजात आणली. गंज खरवडला, छत नवं शिवून घेतलं, इंजिन सुटं करून जोडलं. वर्षानुवर्षं त्याचे शनिवार-रविवार त्या गाडीत गेले. बायकोला सवत असते तसा हा नवऱ्याचा सवत्या, त्याची ही गाडी, आणि मत्सर करायचा सोडून हा तिला पुसत बसलेला, म्हणून आम्ही बायका हसायचो. पण जीनला खरा नाद लागला होता तो ड्वेनचा. या माणसानं हे असं का मागवलं असेल? तो रात्रंदिवस तर्क लढवायचा आणि जेवताना बायकोला विचारायचा.

"रोझ, त्याला मासेमारीचा नाद होता का गं? हूक बोटीसाठीच असणार."

"माहीत नाही."

"बरं, आणि बाक? बाक तुझ्यासाठीच. त्याला तू खेटून बसायला हवी होतीस. मी असतो तर मीही बाकच घेतला असता."

"असेल."

"आणि रेडिओ नाही, कारण त्याला तुझ्याशी बोलायचं होतं. कळलं का? आख्ख्या रस्ताभर."

रोझली त्याला आणखी वाटाणे वाढायची. मला ती म्हणाली होती, "वसू, मला त्याचा आवाजसुद्धा आठवत नाही. त्याला बेरी घातलेला पाव आवडायचा, तेवढं आठवतं. तेही गिऱ्हाईक म्हणून." तो तिचा नवरा होता हे तिला ठाऊक होतं, आपल्या रक्ताचा गट ठाऊक असतो तसं.

ऑर्व्हिल मात्र जीनच्या गॅरेजात येऊन बसायला लागला. मेलेल्या पोराविषयी आपणहून विचारणारं माणूस त्याला दुसरं कुणी भेटलं नव्हतं. शेवटी शेवटी म्हातारा रोझलीला नव्हे, जीनलाच भेटायला यायचा.

नव्वदच्या दशकात जुन्या गाड्यांचे शौकीन दारात यायला लागले. एवढं मोठं इंजिन आणि वर ही असली जोडणी, अशी दुसरी गाडी निघणं कठीण, असं ओहायोहून आलेला एक जण म्हणाला. जीन गाडी प्रदर्शनांना न्यायला लागला. पुढे त्यानं एक पाटी ठेवली. तिच्यावर ड्वेनचा गणवेशातला फोटो आणि जीनच्या अक्षरात सगळी हकिगत, म्हणजे जीनच्या तर्कांसकट: तरुण सैनिकानं आपल्या लाडक्या बायकोसाठी दूरदेशी बसून एकेक वस्तू निवडली, वगैरे. रोझली शेजारी घडीच्या खुर्चीत बसायची. अनोळखी बायका पाटी वाचून यायच्या, तिचे हात हातात घ्यायच्या, रडायच्या. रोझली त्यांना रुमाल द्यायची.

"तू काही बोलत का नाहीस त्याला?" मी एकदा म्हटलं.

"काय बोलू? त्याला ते खरं वाटतं. मला काहीच वाटत नाही. निदान एकाला तरी वाटू दे."

मग कुठल्याशा मासिकात त्या गाडीचा फोटो छापून आला. लुइझियानात न्हाव्याच्या दुकानात वाट पाहत बसलेल्या क्लोव्हिस एबेर नावाच्या माणसानं तो पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या प्रदर्शनात तो आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पिकअप हाकत इतक्या लांब आलेला. मी त्या दिवशी रोझलीबरोबर सँडविचं घेऊन गेले होते, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर घडलं. तो आधी मागे गेला, वाकून हूक पाहिला, आणि हसायला लागला. मग पाटी वाचली आणि हसू थांबलं. त्यानं टोपी काढून हातात धरली. तो रोझलीपाशी आला.

"बाई, मी ड्वेनबरोबर होतो. तो हूक माझा आहे."

जीन खुर्चीतून उठला.

क्लोव्हिसनं सांगितलं ते असं. ते चौघे एका तंबूत होते. विक्रेता आला तेव्हा गाडी घेण्याची ऐपत एकट्या ड्वेनची होती. मग बाकीचे तिघे त्याच्या मागे लागले की आम्हालाही काहीतरी निवडू दे. ड्वेननं फक्त इंजिन आणि उघडं छत निवडलं. क्लोव्हिसच्या बापाची बोट होती, म्हणून त्यानं हूक घ्यायला लावला. डकोटाकडच्या कडक थंडीतला एक पोरगा त्या उकाड्यात घामाघूम होऊन बसला होता, तो म्हणाला हीटर घे, नुसतं कागदावर बघूनही बरं वाटेल. तिसरा वायरलेस सांभाळायचा, त्याचे कान किटले होते. तो म्हणाला, रेडिओ घेतलास तर बघ. बाकही त्याचाच, म्हणाला आडवं होता येतं. गिअर बाकाबरोबर आला.

"आणि रंग?" जीननं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"विक्रेत्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर होता तो. खूप हसलो होतो आम्ही त्या दिवशी."

बाकीचे दोघे कुठे आहेत हे मी विचारलं. क्लोव्हिसनं मान हलवली. ट्रकमध्ये तेही होते. तो तेवढा तापानं आजारी म्हणून मागे राहिला होता.

रोझलीनं विचारलं, "तो माझ्याविषयी काही बोलायचा?"

क्लोव्हिसनं टोपीची कड चाचपली. खोटं बोलणं सोपं होतं आणि तो ते बोलणार असं मला वाटलं.

"खरं सांगू? आठवत नाही, बाई. बोलत असेल. सगळेच बोलायचे. तीस वर्षं झाली, मला त्याचा चेहरासुद्धा आज इथे फोटो बघून आठवला."

रोझलीनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले, ते इतकी वर्षं वर ओढलेले होते हे मला तेव्हाच कळलं. "मलाही नाही आठवत," ती म्हणाली. "बसा ना. सँडविच घ्या."

जीन मात्र गाडीच्या पलीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला. तो रडत होता. ड्वेनला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस आपण आहोत असं त्याला वाटत होतं, आणि त्याचा तो ड्वेन कधी नव्हताच. रोझली उठून त्याच्याजवळ गेली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तिनं पाटी उचलून डिकीत ठेवली.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा एका सकाळी ती हिरवी गाडी मास्तरांच्या गाड्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. रोझली खाली उतरली, डोक्याला जाळी लावली.

"हे काय?" मी विचारलं.

"माझ्या गाडीची बॅटरी उतरलीय."

बॅटरी दुसऱ्या दिवशी बदलून झाली होती, तरी ती पानगळ संपेपर्यंत हिरव्या गाडीनंच आली. एकदा मला घरी सोडलं. छत उघडं होतं, गारवा बोचत होता, इंजिनापुढे बोललेलं ऐकू येत नव्हतं. मजा येते का म्हणून मी ओरडून विचारलं. तिनं विचार केला. "वारं लागतं," ती म्हणाली. रस्त्यावर मीठ पडायची वेळ आली तेव्हा जीननं हात जोडले आणि तिनं गाडी आत ठेवली.

पुढच्या वसंतात दोघांनी मिळून ती विकली. जीनचे गुडघे गेले होते आणि गाडीखाली शिरावंसंही त्याला वाटत नव्हतं. इंडियानाचं एक जोडपं घेऊन गेलं. त्या माणसानं मासिक वाचलं होतं, त्याला पाटीसाठी हकिगत हवी होती, त्या सैनिकाच्या बायकोच्या तोंडून.

"चार पोरांनी मिळून मागवली होती," रोझली म्हणाली.

तो पेन धरून थांबला. "आणि तुमचे यजमान?"

"त्या चौघांतला एक."

त्याचं समाधान झालं नाही, पण तिच्याकडे आणखी काही नव्हतं. गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेले. जीन रिकाम्या गॅरेजात जरा वेळ घुटमळला, मग बर्फ उडवायचं यंत्र अंगणात भिजत पडलं होतं, ते आत ढकलू लागला. त्याला ते एकट्याला हलेना, तेव्हा रोझलीनं दुसरी बाजू धरली.