रीम बेटावरचं हळदीकुंकू

साताऱ्याहून निघताना बॅगेत कपडे कमी आणि तिळगूळच जास्त होता. अबू धाबीला लेकीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं, हा माझाच हट्ट.

केतकी राहते अल रीम आयलंडवर. खिडकीतून खाली पाहिलं की समुद्र दिसतो आणि मी दोन पावलं मागे सरकते. टॅक्सीवाल्याकडून 'यल्ला' (चला) शिकले, तेवढ्यावर आपल्याला अरबी येतं असं मी गावभर सांगून टाकलं.

हळदीकुंकवाला शेजारची झरीनाही आली. मूळची काबूलची, इथे भावाकडे राहते, हिंदी छान बोलते. तिळगूळ तिने आवडीने खाल्ला. मग मी नेहमीच्या उत्साहात म्हटलं, आता नाव घ्या. ती संकोचली, पण आम्ही थोड्याच सोडणार! केतकीच्या मैत्रिणींनी दोन ओळी जुळवून दिल्या. तिने त्या अडखळत म्हटल्या आणि शेवटी नवऱ्याचं नाव घेतलं, आडनाव आणि हुद्द्यासकट. चेहरा उजळला होता तिचा. मी ते मोबाइलवर टिपलं आणि 'काबूलच्या वहिनींचा उखाणा' म्हणून लगेच फेसबुकवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झरीना दारात उभी. चेहरा पांढराफटक. तो व्हिडिओ कुणीतरी तिच्या भावाला दाखवला होता. तिचा नवरा हरलेल्या सरकारच्या फौजेत होता. सरकार पडलं, फौज मोडली, पगार थांबला, बँकेतला पैसा अडकला. तेव्हापासून तो घरं बदलत लपून राहतोय आणि त्याला व्हिसा मिळेल म्हणून ही इथे वाट बघतेय.

"आई, पोस्ट करायच्या आधी तिला विचारलंस तरी का?" केतकी म्हणाली.

मी व्हिडिओ काढून टाकला. "खलास (संपलं), बेटी. डिलीट हो गया."

"आंटी, किसीने आगे भेजा होगा तो?"

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्यांचा देश हरल्याच्या बातम्या मी घरी चहा पीत पाहिल्या होत्या आणि विसरूनही गेले होते.

पुढे दुबईतल्या बर दुबई भागात गेलो, अब्र्यातून (लाकडी होडीतून) खाडी ओलांडली. केतकी म्हणते देखावा सुंदर होता. मी फोनच बघत होते. निघायच्या दिवशी झरीना भेटायला आली. आदल्या दिवसापासून नवऱ्याचा फोन लागत नव्हता. "नेटवर्क नहीं होगा, इन्शाल्ला," म्हणाली आणि उलट मलाच धीर दिला.

साताऱ्यात मैत्रिणी विचारतात, त्या वहिनींनी काय नाव घेतलं गं? मला पाठ आहे. विसरले म्हणते.

हे लिहिण्याआधी मात्र तिला विचारलं. लिहा म्हणाली, फक्त खरी नावं नकोत. त्याचा फोन आला का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.