आधी सही, मग मजकूर

आमच्या घरातली क्षमा माझ्या हातची होती. वडिलांचं शेलूबाजारात कापडाचं दुकान होतं. दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला की ओळखीच्या साठ-सत्तर घरांना त्यांच्या नावानं कार्डं जात. वर्षभरात मनानं, वाचेनं, देहानं, कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर क्षमा असावी, असा त्यावरचा मजकूर. बाकीचे जैन दुकानदार वाशीमच्या छापखान्यातून छापून आणत. आमची हातानं बनत आणि वडिलांना त्याचा भारी तोरा होता. राबायचं मी आणि कौतुक व्हायचं त्यांचं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नसे.

ही कला मला थोरल्या बहिणीनं शिकवली. कापडाच्या थानांत मिलवाले जाड, गुळगुळीत कागद घालून पाठवत. तोच आमचा माल. कागद असा दुमडायचा की दोन्ही बाजूंच्या पाकळ्या देवळाच्या दारासारख्या मधोमध मिटल्या पाहिजेत, आणि दार उघडलं की आतली घडी उभी राहून तिच्यावरचं कमळ पुढं आलं पाहिजे. ठसे दोन तऱ्हेचे होते. एक रंगारी फार पूर्वी गाव सोडताना आमच्या आजोबांकडे सागवानी ठसे ठेवून गेला होता, त्यात कोयरी होती, वेल होती, मोर होता. बाकीचे आम्ही झिजलेल्या स्लिपरच्या रबरातून ब्लेडनं कोरून काढायचो. शाळेतल्या मुली बटाट्याचे ठसे करत, पण आमच्याकडे बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. चिकटवायला सरसही चालत नसे, कारण तो जनावराचा. बाभळीचा डिंक भिजत घालायचा, त्यातच कुंकू, हळद नाहीतर कपड्यांची नीळ कालवायची, ओल्या फडक्याच्या घडीवर तो रंग पसरायचा आणि त्यावर ठसा टेकवून कागदावर दाबायचा. मग कडेनं जुन्या लुगड्याची जर आणि टिकल्या. एका कार्डाला दीड-दोन तास लागत.

वडिलांचं काम फक्त सहीचं. पर्व लागायच्या आधी एका दुपारी ते गादीवर मांडी घालून बसत आणि कोऱ्या कार्डांवर खाली उजव्या कोपऱ्यात धडाधड सह्या ठोकत. आधी सही, मग मजकूर, अशी आमच्याकडची रीत. "मजकूर तर ठरेलच हाय, त्यात काय वाचायचं?" असं ते म्हणत. मजकूर ताई लिहायची. तिचं लग्न होऊन ती रिसोडला गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

बहात्तरचा दुष्काळ होऊन दोन वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची होते. त्या वर्षी राखीला ताई आली, तेव्हा तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालं होतं. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून सासूनं तिचा पाण्याचा गडवा वेगळा केला होता आणि नवरा तिला धान्याच्या गोदामात कोंडून ठेवायचा. एकदा तिनं दार धरून ठेवलं आणि त्यानं ते तसंच लावलं. बोट तिथंच चेंगरलं. हे सगळं तिनं वडिलांना पोळ्या लाटता लाटता सांगितलं, शेजारणीची हकीकत सांगावी तसं.

"मले परत पाठवू नका, बाबा," ती म्हणाली. "मी इथं कोपऱ्यात पडून राहीन."

 वडील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुह्या पाठीवर ही हाय. तू घरी बसली तर हिले कोण करीन?"

 तिसऱ्या दिवशी जावई आले, जेवले, पान खाल्लं आणि तिला घेऊन गेले. आई चुलीपुढून उठलीच नाही. माझ्यापायी ताईला तिकडं पाठवलं हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याचा मला राग आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. मला कुणी विचारलं होतं का, की तुझं लग्न महत्त्वाचं की हिचं बोट?

महिन्याभरानं पर्व आलं. वडिलांनी सह्या केल्या. ओळीनं ठसे उमटवताना मी तोच तो मजकूर लिहीत होते: रिसोडच्या अडत्याला क्षमा, कारंज्याच्या व्यापाऱ्याला क्षमा, ज्या माणसाला वडिलांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं त्यालाही क्षमा. ताईच्या सासऱ्यांच्या नावानं एक कार्ड होतं. ताईच्या नावानं नव्हतं. स्वतःच्या लेकीला कोण कार्ड पाठवतं?

मी एक सही केलेलं कार्ड बाजूला काढलं. त्यावर मोर उमटवला, कारण ताईला मोर आवडायचा, आणि आत लिहिलं: "तुझ्या बाबतीत माझी चूक झाली. मनात राग धरू नकोस. सामान घेऊन घरी निघून ये. आता परत जायचं नाही." अक्षर माझं होतं, पण अक्षर तर दरवर्षी माझंच असे. सही वडिलांची होती. पाकिटावर मी ताईचं नाव घातलं. रिसोडला पोस्टमन दुपारी येतो आणि पुरुष तेव्हा बाजारात असतात, हे तिनंच कधीतरी सांगितलेलं माझ्या लक्षात होतं.

पुढचं मी काय ठरवलं होतं? काहीच नाही. ताई दारात येऊन उभी राहिली की वडिलांना तिला हाकलवणार नाही, एवढाच माझा हिशेब. सोळाव्या वर्षी मला वाटायचं की मी वडिलांना ओळखते.

कार्ड टपालात टाकल्यापासून सातव्या दिवशी, भर दुपारी, आमच्याकडच्या मालेगावला गाडी बदलून ताई आली. स्टँडवरून ती घरी न येता आधी दुकानातच शिरली. पत्र्याची ट्रंक तिनं पायरीवर ठेवली. दुकानात आसेगावचं एक जोडपं लुगडं बघत बसलं होतं. मी आतल्या दारात उभी होते. ताई हसत होती. लग्नानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"सासूबाईच्या तोंडावर सांगून आली, बाबा," ती म्हणाली. "माह्या बाबानं बोलावलं, आता मी येत नाई म्हणलं."

वडिलांना काही कळेना. तिनं पदराखालून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कार्डाचं दार उघडलं, कमळ वर आलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. गिऱ्हाईक लुगड्यावरचा हात थांबवून बघत होतं.

"सही माहीच हाय," वडील हळू आवाजात म्हणाले. "बाकीचं मी सांगतलं नाई."

"मंग कोणं सांगतलं?"

वडिलांनी वर पाहिलं. त्यांची नजर सरळ माझ्यावर आली आणि मी जमिनीकडे पाहू लागले. त्यांना कळलं. पण ते बोलले असते तर बापाच्या सहीनं खोटं लिहिणारी मुलगी म्हणून बाजारात माझं नाव झालं असतं. म्हणून तिथंही त्यांनी मलाच वाचवलं. "घरात जा," एवढंच ते ताईला म्हणाले, आणि गिऱ्हाइकापुढं दुसरं लुगडं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित रडून सगळं कबूल केलं असतं.

"सांगून-सवरून निघाली ती. आता ते लोक अशी घेणार नाईत," ते म्हणाले. "माफी मागा लागन. एक कार्ड कर. आजपर्यंत केलं नशीन असं कर."

मी सगळं सामान ओसरीत मांडलं.  पहिलीच वेल वाकडी उमटली. दुसरा कागद घेतला, त्यावर रंग फाकला. ताई खांबाशी बसून बघत होती. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातून ठसा घेतला.

"अशी नाई. डिंक पातळ झाला तुहा," ती म्हणाली. "बोटानं नको दाबू, तळव्यानं दाब."

तिला वाकड्या बोटामुळं ठसा नीट धरता येत नव्हता, तरी तिनं तळहातानं दाबून एकेक पान असं उमटवलं की रेघ कुठं हलली नाही. घड्या मी घातल्या. जर तिनं लावली. आम्ही दोघींनी मिळून, तिला परत पोचवायचं कार्ड सकाळभर सजवलं. इतकं देखणं कार्ड आमच्या घरात पुन्हा झालं नाही.

टिकल्या लावता लावता तिनं मान वर न करता विचारलं, "खरं सांग. ते तूच लिवलं होतं नं?"

मी म्हणाले, "नाई. बाबानंच सांगतलं होतं."

कशाला म्हणाले? भीती वाटली. तिचा भरवसा मी मोडला होता, तिचं घर मी मोडलं होतं, आणि आता खरं सांगितलं तर ती मान वर करून माझ्याकडे बघेल. सोळा वर्षांचं पोर होते, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. पण खोटं पत्र लिहायची हिंमत त्याच पोरात होती. खरं बोलायचीच नेमकी नव्हती.

ताईनं टिकली जागेवर बसवली. "म्हंजे बाबा बोलवून फिरले," ती म्हणाली आणि दुसरी टिकली उचलली.

त्या कार्डावर वडिलांनी सही केली नाही आधी. मजकूर पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिला, चष्मा लावून, अडखळत: "आमची मुलगी चुकली. आम्ही चुकलो. पदरात घ्यावं." मग सही केली. ताईनं ते वाचलं आणि ट्रंक उचलली. दुपारच्या गाडीनं दोघं गेली. वडील तिसऱ्या दिवशी एकटे परतले. सासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवावं लागलं, असं त्यांनी आईला सांगितलं. वडिलांना कुणापुढं खरोखर क्षमा मागताना कुणी पाहिलं असेल तर ते त्या घरानं.

कार्तिक सरत आला असताना रिसोडहून जीप घेऊन माणूस आला. परसातल्या विहिरीवर ताईचा पाय घसरला, असं तो म्हणाला. ती विहीर मी पाहिली होती, तिला छातीइतका कठडा होता. वडिलांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी त्या माणसाला काही विचारलं नाही, डोक्यावर टोपी घातली आणि जीपमध्ये बसले. मला नेलं नाही.

बाप बोलवून फिरला, हे मनात घेऊन ती गेली. ते खोटं होतं आणि ते मी तिच्या मनात घातलं होतं. वडिलांनी मला त्या पत्राबद्दल मरेपर्यंत विचारलं नाही, आणि मीही ओसरीत काय बोलले ते त्यांना सांगितलं नाही.

वर्षाच्या आत माझं लग्न उरकायचं ठरलं. स्थळ ताईच्या सासरच्यांनीच सुचवलं, त्यांच्या नात्यातलं. मुलीकडची माणसं नमतं घेणारी आहेत, असा शब्द त्यांनी टाकला होता. मला बघायला पाहुणे आले, त्यांच्यात ताईची सासू होती. मी पोह्यांच्या बश्या दिल्या आणि सगळ्यांच्या पाया पडले. तिच्याही पडले.

"हीच का ते कार्ड करणारी?" तिनं विचारलं. "लय सुंदर होतं. आमी जपून ठेवलं हाय."

"हो, हीच," वडील म्हणाले.

मी मान खाली घालून उभी राहिले. मुलगी शांत आहे, असं पाहुण्यांनी एकमेकांना सांगितलं आणि माझं लग्न जमलं.