निरागस म्हणजे अपराध नसलेला

आप्पा गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘निरागस व्यक्तिमत्त्व हरपले.’ ते वाचून दुःखाआधी राग आला...

पूर्णगडजवळच्या आमच्या गावात आप्पा संस्कृत शिकवत. हा शब्द त्यांनीच आम्हाला वर्गात फोडून दाखवला होता. आगस् म्हणजे अपराध. ज्याच्या हातून तो घडलेला नाही, तो निरागस. गोड हसण्याशी त्याचा मुळात काही संबंध नाही. तान्ह्या बाळाला निरागस म्हणतात, ते सांगत, कारण त्याला अपराध करायला अजून सवडच मिळालेली नसते.

एका शिमग्यात देवीची नथ हरवली. दागिन्यांच्या पेटीची किल्ली त्या वर्षी आप्पांकडे होती. गावाने देवीला कौल लावला. गुरवाने पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर आप्पा सुटणार होते. डावी पडली. पालखी घरोघर नाचत आली आणि त्यांच्या अंगणापाशी वळून पुढच्या घरी गेली. आप्पांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, अंगण सारवून रांगोळी घातली होती. ढोल लांब जाईपर्यंत त्या ओटीचं ताट हातात धरून उभ्या होत्या.

पावसाळ्यानंतर पेटी साफ करताना देवीच्या जुन्या शालूच्या घडीत नथ सापडली. आप्पांनी मागितलं ते एवढंच : पुढच्या शिमग्यात गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालताना, सगळ्यांदेखत, माझा अपराध नव्हता असं म्हणा. पण तसं म्हणायचं तर देवीचा कौल खोटा ठरत होता. मुख्य मानकरी म्हणाले, “झालं ता झालं, मास्तरांनू. देवीनं तुम्हाला माफ केलान.”

“माफी अपराध्याला असते,” आप्पा म्हणाले.

पालखी पुन्हा येऊ लागली. काकू ओटी भरत. आप्पा मात्र मागच्या पडवीत, खुर्ची भिंतीकडे वळवून, पुस्तक उघडून बसत... ढोल थांबेपर्यंत एकही पान उलटत नसे.

दिवसकार्य झाल्यावर मानकरी भेटायला आले. मीही तिथे होतो. फार निरागस माणूस, ते म्हणाले, अगदी लहान मुलासारखा. काकूंनी चहा पुढे केला.

“मग त्यांचा अपराध नव्हता, एवढं यंदा गाऱ्हाण्यात म्हणाल?” काकूंनी विचारलं.

मानकऱ्यांनी चहा संपवला. मग माझ्याकडे वळून, यंदा कलमांना मोहर कसा आहे, ते विचारलं. काकू कप उचलून मागच्या पडवीत गेल्या. तिथे आप्पांची खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करूनच आहे.