पाचही बऱ्या आहेत

पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यात राहणाऱ्या माणसाला काहीही चमकवायचं म्हटलं की आधी चिंच आठवते. मीही चिंच आणि राख लावून घरचं पितळी गंगाळ आरशासारखं घासलं, पाणी भरलं आणि शेजारच्या काकांच्या पाच लाल मासोळ्या त्यात सोडल्या. काका चार दिवस सानगडीला लग्नाला गेले होते. त्यांची काचेची पेटी शेवाळाने हिरवीगार झालेली. म्हटलं, ते येईपर्यंत लख्ख करून ठेवू. पेटी लख्ख झाली. गंगाळातल्या चार मासोळ्या मात्र संध्याकाळपर्यंत पोट वर करून तरंगत होत्या.

काकांनी आल्यावर गंगाळात बोट बुडवून जिभेला लावलं. पाण्याची परीक्षा ते अशीच करत.

"पितळ मासोळीले सोसत नाय, बाबूजी," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काका शाळेतले निवृत्त शिपाई, घरात एकटे. पेटी मुलाची. भिलाईला नोकरी लागली तेव्हा 'दिवाळीले येऊन नेतो, तवर सांभाळा' म्हणून ठेवून गेला. त्याला तीन दिवाळ्या झाल्या होत्या. तुमच्याही आळीत कुणाचं तरी असं सामान वाट पाहत पडलेलं असेल.

उरलेल्या एकीच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. काकांनी तिला वेगळ्या बादलीत काढलं, खडेमीठ विरघळवलं, चाखलं.

"बिमाराच्या पेजेइतकं खारट पायजे. जास्त झालं तं मरन."

"पाणी बदलू का?" मी उत्साहाने विचारलं.

"घाई नोका करू. पानी मुरू द्या."

त्यांची चूल पेटो न पेटो, मासोळीचं पाणी दोन दिवस मुरलेलं असे. पेटीवरचं शेवाळ ते धोतराच्या चिंधीने पुसत, तेही समोरच्याच काचेचं. "मांगचं राहू द्या, तिले खावाले होते." मासोळी जगली. काकांना मात्र खोकला लागला तो लागलाच.

मुलाला पत्रं ते माझ्याकडून लिहवून घेत. निळं अंतर्देशीय पुढे सरकवून म्हणाले, "लिवा, पाचही बऱ्या आहेत."

माझं पेन थांबलं.

"लिवा ना! मेल्या म्हनलं तं तो कायले येईन?"

"आणि तुमचा खोकला?"

"तो नोका लिवू. उगाच घोर लागन पोराले."

अक्षर माझं वळणदार. दोन वर्षं मी त्या पाचांची खुशाली कळवत राहिलो. एकदा तर हौसेने 'एक जरा लठ्ठ झाली आहे' असंही घातलं. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं, हसले, मग बराच वेळ खोकत बसले.

पौषात काका गेले. तार मिळाल्यावर मुलगा आला. शेवटच्या महिन्यात चिंधी फिरलीच नव्हती, पेटी चारी बाजूंनी हिरवी. त्याने अंगठ्याने काच रुपयाएवढी पुसली आणि डोळा लावला.

"एकच हाय? पत्रात तं पाच होत्या."

"शेवाळात दिसत नसतील," मी म्हणालो.

तो बिचारा बराच वेळ बाकीच्या चार शोधत वाकून उभा होता. संध्याकाळच्या एस.टी.ने गेला, पेटी आमच्याकडेच राहिली.

बायको मासोळीसाठी बादली भरून ठेवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मेलेल्या मासोळ्या दोन वर्सं जित्या ठेवल्या तुमी कागदावर. 'बाप बिमार आहे, ये', एवढं लिवाले शाई सरली होती काय?"