भागीबाईचा श्वास पेठेला जातो

पेठ नाक्याजवळच्या गिरणीतली भागीबाई मेलेली आहे आणि मालक खंडेरावांनी तिला तशीच कामावर ठेवलीय, ही बातमी शाळेत वर्गात पोचली तेव्हा पुरावेही जोडूनच आली. ती शिंकत नाही. पिठाने पांढरी होऊन उभी राहिली की तिची छाती हलत नाही. "आणि जेवायची सुट्टीपण मागत नाही," सुनीलने वर ठोकून दिलं.

बातमी खोटी होती. भागीबाई चांगली जिवंत होती, फक्त मिनिटाला तीनच श्वास घ्यायची. सायलीने, म्हणजे हे लिहिणाऱ्या मुलीनेच, दळणाच्या रांगेत घड्याळ लावून ते मोजलं होतं. हेडमास्तरांपासून भाजीवालीपर्यंत कुणाचाही आवाज सायली हुबेहूब काढायची. या बाईचं मात्र काढायला काही सापडेचना.

भागीबाई चौऱ्याण्णव साली पेठ गावाकडून द्राक्षाच्या कामाला आली आणि गिरणीत राहिली. दोन वर्षांत पिठाने तिचा दम खाल्ला. "एक डबा दळायचा तर चारदा भाईर येऊन बसायची," ती सांगे. "डाक्टर म्हनला, गिरणी सोड. म्हनलं, आन खाऊ काय, तुझी चिठ्ठी?"

तेव्हा ती सकाळी एका हॉलचं अंगण झाडायची. आत योगवर्ग चाले, दार बंद. आसनं तिने कधी पाहिली नाहीत. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज तेवढा खिडकीतून यायचा. घ्या... सोडा... घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा... श्वासाबरोबर मनाला जाऊ द्या...

भागीबाईने ते जसंच्या तसं मनावर घेतलं. आकडे मोजावेत तर ते दळणाच्या किलोंत मिसळत, म्हणून तिने एसटीचे थांबे धरले. श्वास सोडायचा तो नाक्यावरून: उमराळे, करंजाळी, कोटंबी, पेठ. घेताना दोनच थांबे. "येताना जलद गाडी," ती म्हणायची. नळावर हंडा भरताना, धान्य चाळताना, पट्टा फिरत असताना तिचं हेच चाले. वर्षभरात धाप लागायची थांबली.

पण श्वास पेठेला गेलेला असताना गिरणीत कोण उभं असतं, हे रांगेतल्या बायकांना कळेना. डोळे उघडे, हात धान्यात आणि आत घर रिकामं. एका सकाळी श्वास परत आला तशी ती म्हणाली, "कोटंबीच्या घाटात गाडी हुबी हाय. चाक निखळलंय." कुणी लक्ष दिलं नाही. दुपारी पेठेकडचा बहिरू दळायला नागलीचं पोतं घेऊन आला आणि म्हणाला, "उशीर झाला. घाटात गाडीचं चाक निखळलं." 

रांगेतल्या लताबाईने तेव्हापासून सुरू केलं, "तिच्या हातचं पीठ नको गं बाई. तव्यावरची भाकरी लगेच गार पडते." दोन हजार चारच्या उन्हाळ्यापर्यंत निम्मे डबे पलीकडच्या गिरणीत गेले. खंडेराव तिच्याकडे बघायचे टाळू लागले. गिरणी सुटली तर भागीबाईला खरोखरच पेठेला जावं लागणार होतं, आणि तिथे तिचं कुणी उरलं नव्हतं.

त्याच दिवसांत सायलीने पैज लावली. "मावशी, तुम्ही कुठे जातबीत नाही. मी तुम्हाला दचकवून दाखवते. हरले तर शाळा सुटल्यावर रोज येऊन तुमच्याबरोबर पेठेला जाईन."

"बघ बाई," भागीबाई म्हणाली.

दुपारी लोडशेडिंग झालं. पट्टा फडफडत थांबला. इतकं सामसूम झालं की प्रत्येकाचा श्वास ऐकू येऊ लागला. खंडेरावांच्याच हातचं दळण हवं म्हणून थांबलेल्या लताबाईचा तर शिटी वाजल्यासारखा. भागीबाईचा नाही. सायली पोत्यांमागे सरकली आणि हुबेहूब खंडेरावांच्या आवाजात म्हणाली, "भागीबाई, उद्यापासून येऊ नका."

भागीबाईची पापणी हलली नाही.

दचकले ते खंडेराव. दारात उभे राहून ते स्वतःचा आवाज ऐकत होते, आणि वाक्यही त्यांचंच होतं. सकाळपासून मनात घोळवलेलं, कुणालाही न सांगितलेलं.

बऱ्याच वेळाने श्वास परत आला. "शेठ नाय ते," भागीबाई पोत्यांकडे न बघता म्हणाली. "शेठ बोलायच्या आधी नाकानं वारा वढतात. तू नाय वढलास, पोरी." मग दाराकडे वळून, "शेठनी सकाळधरनं तीनदा वढलाय, ह्याच बोलण्यासाठी. तिन्ही बारी तसाच सोडला."

लताबाईने डब्याचं झाकण घट्ट धरलं. खंडेरावांनी चौथ्यांदा नाकाने श्वास ओढला. सगळ्या गिरणीने तो ऐकला.

"लाईट आली की," ते म्हणाले, "आधी लताबाईंची बाजरी घ्या. आणि उद्या जरा लवकर या."

दुसऱ्या दिवशी सायली पैज फेडायला भागीबाईच्या शेजारी उभी राहिली. डोळे मिटून श्वास सोडायला लागली. उमराळ्यालाच तो संपला आणि तिला ठसका लागला.

"हितंच उतरलीस?" भागीबाई म्हणाली. "थांब मग. येताना घेते तुला."

आणि ती पुढे गेली.