आधी बॅट टाका!

"अरे, आधी बॅट टाक!"

हे ताई एका कागदावरच्या मुलाला सांगत असत. हातात जपानी कॉमिक, चष्मा कपाळावर, आणि पुस्तकातला मुलगा चेंडू टोलवून पळतोय म्हणून ह्या खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या. शाळेच्या बेसबॉल संघाची ती गोष्ट खंडांमागून खंड चालली होती. एक चेंडू हातातून सुटायला चार पानं लागत. तुम्ही म्हणाल, चाळिशीतली, धातुशास्त्रात पीएच.डी. करणारी बाई आणि कॉमिक? आम्हीही आधी असेच हसलो होतो.

ब्राउनश्वाइगच्या वसतिगृहात आम्ही सातआठ मराठी मुलंमुली होतो. ताई कोल्हापूरच्या. नवरा आणि मुलगी तिकडे, ह्या शिष्यवृत्तीवर इकडे. जर्मन सुधारावं म्हणून त्यांनी लायब्ररीतून जर्मन भाषांतराचा पहिला खंड आणला, तो आम्हा सगळ्यांना चिकटला. दर शनिवारी दुपारी पोह्यांच्या ताटल्या घेऊन आम्ही स्वयंपाकघरात बसायचो आणि ताई मराठीत करून वाचायच्या.

"अहो ताई, बॅट टाकून पळाला तर रनआउट होईल की!"

"हे क्रिकेट नाही रे बाबा! इथे बेसला पाय लागायला हवा. बॅटचं काय लोणचं घालायचंय?"

गोष्टीतल्या स्पर्धेत एकदा हरलं की संपलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुन्हा संधी नाही. हे सांगताना ताईंचा आवाज कातर व्हायचा. त्यांचा लाडका संघ फायनलला पोचला तेव्हा ऑगस्ट आला होता. सप्टेंबरअखेर ताईंचा व्हिसा संपत होता, आणि शेवटचा खंड येणार होता डिसेंबरात.

"म्हणजे ते जिंकले का हे मला कळणारच नाही?" प्रबंधाच्या परीक्षेत न डगमगलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आम्हीच एक फायनल ठरवली. ताईंच्या प्रयोगशाळेतल्या जपानी मुलांकडे बॅट आणि हातमोजे होते. शेवटच्या रविवारी आम्ही बागेत त्यांच्याशी खेळलो. शेवटच्या खेळीत आम्ही एका धावेने मागे, तिघांपैकी दोन बाद, तिसऱ्या बेसवर आमचा एक भिडू, आणि बॅट ताईंच्या हातात. त्या पहिल्या बेसला पोचल्या तर त्या भिडूची धाव धरून बरोबरी, बाद झाल्या तर हरलो.

ताईंनी डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू चक्क लागला! आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ताई, बॅट टाका!" ताई बॅट घट्ट धरून सुसाट सुटल्या. बेसजवळ येताच कमरेत वाकल्या आणि क्रीजमध्ये टेकवावी तशी बॅट पुढे सरकवली. बॅट बेसवर, पाय हातभर मागे, आणि चेंडू जपानी मुलाच्या मोज्यात.

बाद!

ताईंनी हातातल्या बॅटकडे पाहिलं. "दोन वर्षं त्या पोरावर ओरडतेय, आणि मीच..." हसता हसता त्या गवतात बसल्या. जपानी मुलांनी रांगेत उभं राहून त्यांना लवून नमस्कार केला.

निघताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "शेवट फोनवर सांगून टाकू नकोस हं. वाचून दाखव."

डिसेंबरात खंड आला. शनिवारी पोहे केले, कॉलिंग कार्ड आणलं, ताईंना फोन लावून तो स्पीकरवर टेबलाच्या मधोमध ठेवला. ताईंची खुर्ची कुणीच घेतली नाही. मी अडखळत वाचत होते आणि कोल्हापुरातून "गेनाऊ, गेनाऊ, बरोबर, पुढे!" चालू होतं. नववी इनिंग. मुलाने चेंडू टोलवला. मला पान उलटवेना.

"अरे, आधी बॅट टाक!" फोन दणाणला.

मी पान उलटलं. बॅट मातीत पडली होती.

"टाकली, ताई! पोचला! जिंकले!"

पलीकडे धाडकन खुर्ची पडल्याचा आवाज आला.